फ्लूची महासाथ आणि गावातले लसीकरण : सातारा जिल्ह्यापुरती चर्चा

वेण्णाकाठ

फ्लूची पुढची महासाथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आल्यावर लस कोणत्या जागी टोचायची, हे आपल्याला आजच ठरवता येते. सातारा जिल्ह्यात ती जागा तालुक्याचे रुग्णालय नसून गावातले उपकेंद्र किंवा जिल्हा परिषदेची मराठी शाळा असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

२००९ सालाची आठवण अनेकांना असेल. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत एच१एन१ हा नवा विषाणू सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि त्याच पावसाळ्यात ती आपल्या पाचगणीत येऊन पोचली. तेथील एका निवासी शाळेत झालेल्या उद्रेकाचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केला होता. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू होता. त्यानंतर सातारा, कराड, फलटण येथे लोकांनी तोंडाला रुमाल बांधले, पण लस कोणालाच मिळण्यासारखी नव्हती. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून ही लस तयार होते आणि त्याला साधारण सहा महिने लागतात. अमेरिकेत लसीकरण ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे परदेशातून आणलेली लस २०१० मध्ये आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाली, देशी बनावटीची पहिली लस त्या वर्षीच्या जूनमध्ये आणि पुण्यात तयार झालेली नाकात फवारण्याची लस जुलैमध्ये बाजारात आली. १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचे जाहीरही झाले. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने लस आली तेव्हा साथीचा जोर ओसरलेला होता.

कोविडच्या वेळी हे चित्र पालटले. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले, म्हणजे विषाणू सापडल्यापासून सुमारे वर्षभरात लस हातात होती. आता अडचण कारखान्यात उरलेली नाही, ती तालुक्यापासून वाडीपर्यंतच्या रस्त्यावर आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली तेव्हा सुरुवातीला मोबाईलवर वेळ ठरवल्याशिवाय लस मिळत नव्हती, आणि ज्यांचे इंटरनेट वेगवान त्यांनी दूरच्या खेड्यांतल्या वेळाही आपल्या नावावर केल्या. आमच्या भागातील एका केंद्रावर, ज्याचे नाव मी घेणार नाही, माणसे उजाडण्याआधीपासून रांगेत उभी राहत आणि लस किती आली आहे हे त्यांना ऊन चढल्यावर कळे. टोकन संपले की परत जाणाऱ्यांत वयस्कर माणसे आणि लेकुरवाळ्या बायका जास्त असत. पुढे तेच सत्र वाडीतल्या शाळेत भरवले, आशाताईंनी आदल्या दिवशी घरोघरी निरोप दिला, तेव्हा परत गेलेली बहुतेक म्हातारी माणसे काठी टेकत आपणहून आली. लस तीच होती आणि माणसेही तीच होती, फक्त अंतर कमी झाले होते आणि निरोप ओळखीच्या तोंडून आला होता.

सरकारी निकषानुसार सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, तर तीस हजारांमागे, डोंगरी भागात वीस हजारांमागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. मुलांचे नियमित लसीकरण याच जाळ्यातून वर्षानुवर्षे होत आले आहे. मग साथ आली की हे जाळे बाजूला ठेवून मोठी केंद्रे उभारण्याचा आग्रह का धरला जातो, हे मला उमगत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी, आणि माण, खटाव, जावळी, पाटण या भागांतील वाचकांनी कृपया लिहावे.

निवृत्त_सिस्टर

वेण्णाकाठताई, मी कोयनेच्या जलाशयाकाठच्या गावांत आरोग्य सेविका म्हणून काम केले आहे. आपले म्हणणे मला मान्य आहे, पण उपकेंद्रात लस द्यायची म्हणजे काय काय करावे लागते हेही वाचकांना कळावे, नाहीतर मागणी केली जाईल आणि सगळा भार एका सिस्टरच्या खांद्यावर पडेल.

फ्लूची लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. उष्णतेने लस बिघडते हे सर्वांना माहीत असते, पण गोठल्यानेही ती निकामी होते हे फार थोड्यांना माहीत असते. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या पेटीत, भरले, तर त्यांना टेकलेल्या कुप्या गोठण्याची भीती असते. म्हणून पॅक आधी काढून टेबलावर मांडून ठेवायचे, त्यांना बाहेरून घाम सुटू द्यायचा आणि एकेक पॅक कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी खळखळल्याचा आवाज आला म्हणजे तो तयार झाला. मग चार बाजूंना चार पॅक लावून, कुप्या झिपच्या पिशवीत घालून मधोमध ठेवायच्या आणि झाकण घट्ट बसवायचे. या कामात घाई चालत नाही. सत्राच्या ठिकाणी कॅरिअरचे झाकण उगीच उघडायचे नाही, कितीही गर्दी झाली तरी एका वेळी एकच कुपी बाहेर काढायची.

दुसरी अडचण वेळेची असते. बायका सकाळी आठच्या आत रानात जातात आणि दिवे लागायच्या वेळी परततात. लसीकरणाचे सत्र मात्र दहानंतर सुरू होऊन दुपारी संपते, कारण उरलेली लस त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, शीतपेटीत परत जायची असते. आमच्याकडे लाँच चुकली की पलीकडच्या तीरावरून परत येण्याची सोय नसे. संध्याकाळचे सत्र हवे असेल तर लस पोचवणारा आणि उरलेली परत नेणारा माणूस वेगळा असला पाहिजे, टोचणारी सिस्टर वेगळी असली पाहिजे, आणि नोंदी लिहायला तिसरे माणूस हवे. शाळेतले गुरुजी किंवा ग्रामपंचायतीचा संगणक चालक नोंदींचे काम उत्तम करतात, हा माझा अनुभव आहे. नोंदी आधी वहीत आणि नंतर संगणकावर झाल्या तर नेटवर्क नाही म्हणून कोणाला परत पाठवावे लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टोचल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवणे हा उपचार नाही, ती सुरक्षा आहे. क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते आणि तेव्हा ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे लागते, म्हणून ते किट टेबलावर उघड्यावर, हाताशी असले पाहिजे. पण माणसे बसायला तयार होत नाहीत, कारण बसायला जागा नसते. सावली, सतरंजी आणि पिण्याचे पाणी एवढे असले की बायका निवांत बसतात, शंका विचारतात, आणि ज्या नुसत्या बघायला आलेल्या असतात त्याही हात पुढे करतात. भोवळ येणारे बहुतेक जण उपाशीपोटी आलेले असतात; काही तरी खाऊन या, हे निरोपातच सांगावे.

माणदेशी

सिस्टर, आपण लिहिलेले छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावे असे आहे. मी माण तालुक्यातून लिहीत आहे आणि माझा मुद्दा याद्यांचा आहे.

आमच्याकडची मेंढपाळ कुटुंबे वर्षातले कित्येक महिने कळपामागे बाहेर असतात. उलट कराड आणि फलटणच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात आणि फडाजवळ पाल ठोकून राहतात. मतदार यादी किंवा शिधापत्रिकेवरून लसीकरणाची यादी केली, तर हे दोन्ही गट दोन्हीकडच्या यादीतून सुटतात. गावातली आशाताई त्यांना आपल्या गावचे धरत नाही आणि त्यांच्या मूळ गावात ते घरी सापडत नाहीत. एका पालात सहा-सात माणसे दाटीवाटीने झोपतात, त्यांत तान्ही मुले असतात आणि गरोदर बायकाही असतात. फ्लू पसरायला याहून सोयीची जागा नाही.

कोविडच्या काळात मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्या लोकांसाठी वेगळी कार्यपद्धती काढली होती, म्हणजे हे अशक्य नाही. माझी सूचना अशी की, साथीच्या काळात जो माणूस ज्या गावात त्या दिवशी मुक्कामी आहे तो त्या गावचा मानावा आणि त्याला लस द्यावी. कारखान्याच्या शेती विभागाकडे टोळ्यांची आणि मुकादमांची नोंद असते, कोणती टोळी कोणत्या शिवारात आहे हे गटाच्या स्लिपबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, रोज माहीत असते. आरोग्य विभागाने त्यांना सोबत घेतले तर फडावर जाऊन सत्र घेता येईल. मेंढपाळांसाठी आठवडी बाजार हेच ठिकाण योग्य आहे, कारण कळप कुठेही असला तरी घरातले कोणीतरी बाजाराला येतेच आणि त्याच्याकडून निरोप पोचतो.

दोन_मुलांचा_बाबा

चर्चा चांगली चालली आहे, पण सर्वांनी लस घ्यावीच असे गृहीत धरून लिहिले जात आहे, म्हणून माझ्या मनातल्या शंका मांडतो. मी लसीच्या विरोधात नाही. माझ्या आईला मधुमेह आहे, धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे आणि दोघांची जबाबदारी माझ्यावर आहे, त्यामुळे मला नीट समजून घ्यायचे आहे.

पहिली शंका अशी की, फ्लूची लस घेतल्यावर फ्लूच होतो असे अनेकांकडून ऐकले आहे. दुसरी, महासाथीत घाईने केलेली लस कितपत सुरक्षित असते? अमेरिकेत १९७६ साली लसीमुळे लोकांना लकवा झाला आणि मोहीम थांबवावी लागली, असे वाचनात आले. तिसरी, ही लस दर वर्षी घ्यावी लागते म्हणतात. तसे असेल तर तिचा उपयोग होतो तरी किती? आणि चौथी, ती कोणत्या महिन्यात घ्यावी? कृपया जाणकारांनी उत्तर द्यावे.

कराडचे_डॉक्टर

आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. शंका मनात ठेवून रांगेत उभा राहणारा माणूस थोडा ताप आला तरी घाबरतो आणि इतरांनाही घाबरवतो.

टोचून देण्याची फ्लूची लस निष्क्रिय विषाणूंपासून केलेली असते, तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. हात दुखणे, एक-दोन दिवस कसर किंवा अंगदुखी जाणवणे हा शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. संरक्षण तयार व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्या दरम्यान बाहेरून संसर्ग झाला तर माणूस लसीला दोष देतो. साथ ऐन भरात असताना लस घेणाऱ्यांच्या बाबतीत असे बरेचदा घडते, म्हणून केंद्रावर हे आधीच सांगितले पाहिजे. नाकात फवारण्याची लस वेगळी असते. तिच्यात जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो आणि म्हणून ती गरोदर स्त्रियांना किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देत नाहीत.

१९७६ ची गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. न्यू जर्सीमधील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांमधल्या फ्लूशी मिळताजुळता विषाणू सापडला, महासाथ येईल या भीतीने अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोकांना लस दिली गेली आणि महासाथ आलीच नाही. लस घेतलेल्यांमध्ये गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे प्रमाण वाढलेले दिसले, ते साधारण एक लाख लोकांमागे एक जादा रुग्ण एवढे होते, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवण्यात आली. त्यानंतरच्या लसींवर याच दृष्टीने बारकाईने लक्ष ठेवले जाते. कुठे धोका आढळलाच तर तो दहा लाखांमागे एक-दोन रुग्ण इतका अल्प आहे, आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यानंतरही हा आजार होऊ शकतो. ज्याला पूर्वी फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली आहे त्याने ती घेऊ नये, ज्याला गियां-बारे होऊन गेला आहे त्याने आधी डॉक्टरांशी बोलावे आणि ज्याला त्या दिवशी सडकून ताप आहे त्याने बरे झाल्यावर यावे. अशी माणसे ओळखण्यासाठी टोचण्यापूर्वी दोन-तीन प्रश्न शांतपणे विचारता आले पाहिजेत, आणि पाचशे माणसांच्या रांगेत ते होत नाही. लहान केंद्राच्या बाजूने माझे मत त्यामुळेच आहे.

फ्लूचा विषाणू सतत बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत ते सुचवते. विषाणूंशी मेळ चांगला जमलेल्या वर्षी आजार टळण्याचे प्रमाण चाळीस ते साठ टक्के असते. हा आकडा पाहून पुष्कळ जण निराश होतात, पण लस घेऊनही फ्लू झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता घटते आणि आपल्या आईच्या वयाला, मधुमेहाला, तेच सर्वांत मोलाचे आहे. २००९ चा विषाणू कुठे निघून गेलेला नाही. २०१५ मध्ये देशभरात त्याचे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्याच वर्षी राज्य शासनाने गरोदर महिला, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी संस्थांत ही लस मोफत देण्यास सुरुवात केली.

आपल्याकडे फ्लू प्रामुख्याने पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे एरवी एप्रिल-मे हे महिने योग्य आहेत. घेताना खोक्यावर ती कोणत्या वर्षाची आहे ते अवश्य पाहावे. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून मुलाचे लवकर सुरू करा. महासाथीत मात्र महिना पाहत बसू नये, लस ज्या दिवशी येईल त्या दिवशी घ्यावी.

लोणंदकर

आमच्या गावात दर वर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला असते आणि तो काळ नेमका पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. लाखो माणसे एकत्र राहतात, त्यांत साठी-सत्तरीचे वारकरी असंख्य. डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे संरक्षण यायला दोन आठवडे लागत असतील, तर वारीच्या वाटेवर लसीकरणाचा मांडव घालून त्या वारीपुरता उपयोग होणार नाही. दिंड्या ज्या गावांतून निघतात तिथेच, प्रस्थानाच्या महिनाभर आधी, दिंडीप्रमुखांना विश्वासात घेऊन सत्र ठेवावे लागेल. विणेकऱ्याने लस घेतली की दिंडीतले बाकीचे वारकरी मागे राहत नाहीत.

दोन_मुलांचा_बाबा

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. १९७६ बद्दल आपण सरळ सांगितलेत, त्यामुळे बाकीच्या गोष्टींवरही विश्वास बसला. आईला येत्या आठवड्यात घेऊन जातो.

वेण्णाकाठ

माणदेशी आणि लोणंदकर यांनी मांडलेले मुद्दे माझ्या मनात आले नव्हते. 'त्या दिवशी मुक्कामी तो त्या गावचा' हे तत्त्व मला पूर्ण पटते. १ मेच्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे : साथीच्या काळात शाळेच्या दोन खोल्या सत्रासाठी राखून ठेवाव्यात, सावली-पाण्याचा खर्च ग्रामपंचायतीने करावा, नोंदीसाठी माणूस द्यावा, आणि लस किती आली हे आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगावे. शेवटची गोष्ट फुकट आहे, पण तिच्यामुळे पहाटेच्या रांगा लागणार नाहीत. सिस्टर, यात काही राहिले का?

निवृत्त_सिस्टर

ताई, अंथरुणाला खिळलेल्यांची वेगळी यादी राहिली. त्यांच्यासाठी सत्र संपताना, कॅरिअर परत जाण्याआधी, घरी जाऊन टोचण्याची सोय करावी. अर्धा तास थांबण्याचा नियम तिथेही लागू आहे, म्हणून एका फेरीत थोडीच घरे घ्यावीत.

वाईची_लेक

मी सातव्या महिन्यात आहे आणि बाळंतपणासाठी माहेरी आले आहे. नाव सासरच्या उपकेंद्रात नोंदलेले आहे. मला इथे फ्लूची लस मिळेल का, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे आहे तेही सोबत चालेल का?

कराडचे_डॉक्टर

दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांत घेता येतात. राज्याच्या मोफत योजनेत गरोदर महिलांना दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत ही लस देतात, तेव्हा आपण त्यात बसता. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आपण घेतलीत तर आपल्याकडून गेलेली प्रतिपिंडे त्याला जन्मानंतरचे पहिले काही महिने सांभाळतात.

निवृत्त_सिस्टर

बाळा, नाव सासरी असले तरी माहेरच्या केंद्रात तपासणी आणि लस नाकारली जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांची तपासणी असते, तेव्हा जा. लसीचा साठा आहे का हे आधी आशाताईंना विचारून ठेव, म्हणजे हेलपाटा होणार नाही. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड ने आणि दोन्ही लसींची तारीख त्यावर लिहून घे. बाळंतपण कुठेही झाले तरी तिथल्या सिस्टरला ती नोंद दिसेल.